मोज्यांतून आलेलं गवत

कुंदे,

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी मी तुझ्याशी भांडले. हरिशंकरपुरमच्या तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर बसून, चांगली मोठ्यानं भांडले. तुझी भाची ऋचा दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, किससे बात कर रही हो?" मी म्हटलं, तुझ्या आत्याशी. ती बिचारी पाणी आणायला गेली.

भांडण कशावरून, ते तुला माहीत आहे. तू ती दोन पाकिटं ठेवून गेलीस. एकावर "नीलू", दुसऱ्यावर "मी". दोन्हींत कुसळं, आपल्या त्या गवताची. नीलूच्या पाकिटावर तुझ्या किरट्या अक्षरात एकशे बारा, तुझ्या पाकिटावर एकोणीस. खाली तारीख, जागा, वेळ, सगळं नेहमीसारखं. फक्त एक गोष्ट नव्हती. हे तू मला जिवंतपणी का नाही दाखवलंस, ते.

मला गप्प बसवायला त्या दोन पाकिटांना पाच मिनिटं लागली असती. वर्षभर तू माझी बडबड ऐकून घेतलीस आणि पुरावा कपड्यांच्या कपाटात, हिवाळी शालींच्या खाली ठेवलास. मला राग आला होता. अजूनही आहे. आणि रागानं रडू येतं, मग रडण्याचा राग येतो, असं सध्या चाललं आहे.

लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. किती वर्षं शिकवलं, किती मुली हाताखालून गेल्या. मी मान हलवते. मला त्यातलं काही आठवत नाही. मला आठवते ती तुझी चौकट. ग्वाल्हेरच्या बाड्याच्या चौकामागच्या गल्लीतल्या सुताराकडून आपण ती करून घेतली होती, बरोब्बर एक मीटर लांब, एक मीटर रुंद. ती घेऊन आपण जनरल डब्यात चढलो, तर समोरची बाई म्हणाली, "किनकी तस्वीर लगेगी इसमें?" आणि तू अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "सास की." ती बाई जयपूर येईपर्यंत तुझ्याकडे आदरानं बघत होती. लग्न न केलेली तू आणि तुझी सास!

त्या चौकटीवरूनही आपण भांडायचो. चौकट न बघता मागे फेकायची असा नियम. जिथे पडेल तिथलं गवत मोजायचं. तू फेकायच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचीस. मी म्हणायचे, "कुंदे, चीटिंग आहे ही." तू म्हणायचीस, "अगं, काटे बघते मी. बोरीत पडली तर काढायला तू जाशील का?" तू गुडघे टेकून भिंग लावून मोजायचीस, मी उभी राहून वहीत लिहायचे. तुझे गुडघे गेले ते तिथेच. माझे शाबूत आहेत, याचीही आता लाज वाटते.

आपलं काम काय आहे हे कोणाला समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडायची. तू मात्र एका दमात सांगायचीस. वाळवंटात एक परदेशी गवत आलं आहे. वीतभर उंच, एका हिवाळ्याचं आयुष्य. मावठ झाली, हिवाळ्यातला पाऊस पडला, की उगवतं, फाल्गुनात वाळून मरतं, मरताना बी टाकून जातं. ते किती धोक्याचं आहे हे ठरवून आम्हाला एक सरकारी फॉर्म भरून द्यायचा आहे. ऐकणारा हमखास विचारायचा, गवतच ना? त्यात कसला धोका? तेव्हा तू त्याला विचारायचीस, तुमच्या घराला आग लागली तर शेजारचं घर का जळत नाही? कारण मध्ये रिकामी जागा आहे. वाळवंटात दोन झुडपांमध्ये उघडी वाळू असते. हजारो वर्षं ती वाळूच झाडांना राखत आली. ठिणगी पडली तर एक झुडूप जळतं आणि आग तिथेच बसते. हे गवत नेमकी ती रिकामी जागा भरतं आणि चैत्रात कागदासारखं वाळून उभं राहतं.

तू त्याला घरजावई म्हणायचीस. आला, जेवला, राहिला, आणि आता घर त्याचंच. फॉर्ममध्येही तू पेन्सिलीनं तेच नाव लिहून ठेवलं होतंस, मी खोडून शास्त्रीय नाव घातलं.

आपला सगळा वाद त्या फॉर्मचा होता. किती वेगानं पसरतं, किती नुकसान करतं, खात्री किती, आणि शेवटचा रकाना, नव्या जागी कसं पोचलं. तू पहिल्या वर्षीच "धोका मोठा" लिहायला निघाली होतीस. मी म्हणायचे, थांब, अजून एक हिवाळा बघू. तू म्हणायचीस, "नीले, तू लग्नाला मुलगासुद्धा असाच बघितला असशील, अजून एक हिवाळा बघू म्हणत." मी चिडायचे. पण खरं होतं ते. मला चूक व्हायची भीती वाटते. तुला उशीर व्हायची वाटायची.

ते ओरण तुला फार आवडायचं. आपल्याकडे देवराई म्हणतात तसं ते रान, देवाच्या नावानं राखलेलं. खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची जुनी झाडं, बोरी, कैरची काटेरी झुडपं, आणि मध्ये झाडलेल्यासारखी स्वच्छ वाळू. कोणी फांदी तोडत नाही, कोणी कुऱ्हाड आत नेत नाही. मधोमध मोठ्या खेजडीखाली देवाचं थान, एक ओटा आणि त्यावर शेंदूर लावलेला दगड. आणि त्याची राखण करणारी धापूबाई. पहिल्या दिवशी तिनं आपल्याला कुंपणापाशीच अडवलं होतं. "जूती अठै खोल दो, बायां. भीतर जूती कोनी जावै." आपण बूट तिथे ओळीनं ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. उन्हानं वाळू तापलेली होती, पायाला बरं वाटलं.

दर हिवाळ्यात आपला क्रम तोच. सकाळी थंडीत रस्त्याच्या कडेचे चौकोन मोजायचे, कारण रस्त्यावर सावली नाही. दुपारी ओरणात यायचं, कारण तिथे सावली आहे आणि धापूबाईकडे ताक आहे. क्रम मीच ठरवला होता. अगदी शहाण्यासारखा ठरवला होता. रस्त्याच्या कडेला ते गवत पाऊल बुडेल इतकं दाट, आणि ओरणात एकही काडी नाही. म्हणजे एक बिघडलेली जागा आणि एक चांगली जागा, दोन्ही एका दिवसात. तुलनेला याहून चांगलं काय हवं?

मग आपण थानाच्या ओट्याला टेकून बसायचो, आणि चालून चालून मोज्यांत घुसलेली कुसळं उपटत बसायचो. ती टोचायची ना. उपटायची आणि वाळूत टाकायची. गप्पा मारत, एक एक. तुझी मावसबहीण, माझी सून, बाड्यावरच्या त्या जुन्या दुकानात मिळणारं तिळाचं गजक पूर्वीसारखं खुसखुशीत राहिलं नाही, असलं काहीबाही. हाताला चाळाच होता तो. माझे मोजे माझ्या हातचे, जाड लोकरीचे. तुलाही एक जोड विणून दिला होता. तू कधी घातला नाहीस. "खाज येते गं त्यानं," म्हणायचीस. तू आपली पातळ नायलॉनच्या मोज्यांत. मी मनाला लावून घेतलं होतं. चार दिवस तुझ्याशी तुटक बोलले होते, तुला कळलंही नसेल.

चार हिवाळे आपण तिथे बसलो, कुंदे.

पाचव्या हिवाळ्यात ओरणात ते गवत दिसलं. आपण दोघींनी नुसतं मोजलं. चैत्रात आग लागल्याचा फोन आला. कोणाची बिडी की विजेच्या तारेची ठिणगी, कोणालाच कळलं नाही. पाच खेजड्या जळाल्या. थानाजवळच्या, सगळ्यांत जुन्या. आपण गेलो तेव्हा राख वाऱ्यानं उडून गेली होती आणि काळे बुंधे उभे होते. गावात ठरलं होतं, कोणीतरी जूती घालून आत गेलं म्हणून देव कोपला. कोण गेलं ते कळलं नाही, तेव्हा राखण करणारीनं प्रायश्चित्त घ्यायचं. धापूबाईनं संध्याकाळचं जेवण सोडलं. जळालेल्या खेजडीला पालवी फुटेपर्यंत. आधीच ती केवढीशी. तू तिचा हात धरून बसलीस. मी बुंध्यांचे घेर मोजत होते. मला दुसरं काही येत नाही म्हणून.

त्या पावसाळ्यात तू मला बोलावून घेतलंस. तुझ्या जेवणाच्या टेबलावर ओरणाचा नकाशा पसरला होता आणि तू लाल पेन्सिलीनं ठिपके दिले होते. मी नकाशा बघितला आणि मला लगेच कळलं. कळलं नाही असं मी तुला सांगितलं. गवत कुंपणाकडून, रस्त्याच्या बाजूनं आत यायला हवं होतं. तिकडे जवळजवळ नव्हतंच. ते सगळ्यांत दाट होतं थानाच्या ओट्याशी, उजव्या हाताला, आपण बसायचो तिथे. आणि तिथून बाहेर पसरत गेलं होतं.

"नीले, आपणच आणलं," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "मेंढ्या आणतात. वारा आणतो. पूजेला येणारी माणसं आणतात."

"मेंढ्या आत सोडत नाहीत. वारा रस्त्याकडून येतो. आणि पूजेला येणारी माणसं अनवाणी येतात, मोज्यांवर कोण येतं? आपण दोघीच."

"सिद्ध करता येणार नाही."

"नाही करता येणार," तू म्हणालीस. "पण तो रकाना आहे ना फॉर्ममध्ये. कसं पोचलं. तिथे लिहू. आणि धापूबाईला जाऊन सांगू. ती उपाशी राहतेय, नीले. आपल्या मोज्यांपायी."

मग मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं, आणि तू ते विसरली असशील अशी आशा करण्यापलीकडे मी काही करू शकत नाही. मी म्हटलं, परत आपल्याला कोण उभं करेल त्या गावात? मी म्हटलं, धोका मापायला गेलेल्या दोन बायका धोका पेरून आल्या, हे वाचून लोक हसतील. मी म्हटलं, तुझं काय जातंय, तुझं नाव झालंय, माझं एवढं एकच काम आहे आयुष्यात धड केलेलं. तुला ते लागलं. तू नकाशा गुंडाळलास. "बरं," म्हणालीस. "तू हो म्हणशील तेव्हा लिहू. तोवर रकाना रिकामा." आणि मग चहा केलास, आलं घालून. एवढं झाल्यावरही आलं घातलंस.

पुढच्या हिवाळ्यात आपण पुन्हा गेलो. या वेळी तू रस्त्याच्या कडेचं काम झाल्यावर मला तिथेच, रस्त्यावर बसवलंस आणि म्हणालीस, "मोजे काढ, मी साफ करते." मी म्हटलं, एवढे लाड? तू हसलीस. एक एक कुसळ उपटून तळहातावर घेतलंस आणि पर्समध्ये टाकलंस. मला वाटलं, नंतर कुठे तरी जाळून टाकशील. तू मोजत होतीस. मला न सांगता मोजत होतीस. आणि त्यानंतर घरी जाऊन पाकिटावर लिहिलंस, नीलू, एकशे बारा.

माझे सहापट होते तुझ्याहून. माझ्या हातचे मोजे. हे तुला कळलं, म्हणून तू मला दाखवलं नाहीस. हो ना? "आपण आणलं" म्हणत राहिलीस, शेवटपर्यंत "आपण". मला आता वाटतं की ओरण जाळायला जेवढं बी लागलं असेल त्यातलं बहुतेक माझ्या पायांतून गेलं, आणि तू ते तुझ्याही नावावर घ्यायला निघाली होतीस. मी तुझ्याशी भांडते ते यावरून. तू मला एवढं कशाला सांभाळलंस? मी काय मागितलं होतं? आणि नसतं सांभाळलंस तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत आहे. तुझ्याशी बोलणं टाकलं असतं. लोकरीच्या मोज्यांवरून चार दिवस तुटक बोलले होते, यावरून कायमचं टाकलं असतं. तुला हे माझ्याआधी कळलं होतं.

दवाखान्यातून तुला घरी आणलं त्या आठवड्यात मी रोज दर्पण कॉलनीतून टेंपोनं यायचे. एक दिवस तू डोळे मिटूनच विचारलंस, "लिहिलंस का?"

मी म्हटलं, "डॉक्टर आज काय म्हणाले?"

तू डोळे उघडले नाहीस. "डॉक्टर म्हणाले, अजून एक हिवाळा बघू," म्हणालीस. मी हसले. कुंदे, मी खरंच हसले त्यावर.

हो म्हणायला मला एक शब्द लागला असता. तुझ्या खोलीत, तुझ्या उशाशी, तुला ऐकू जाईल अशा बेतानं. मी रोज ठरवून यायचे. उद्या म्हणून परत जायचे.

त्या चौथ्या दिवशी ऋचानं मला आणखी एक गोष्ट दाखवली. ती मला गच्चीवर घेऊन गेली. कठड्याला टेकवून मातीचे सहा कुल्हड ठेवले होते, तुझ्या सवयीप्रमाणे बाहेर खूण केलेले. त्यांत ते गवत उगवलं होतं, बोटभर, अगदी कोवळं. "आत्याने बोया था," ऋचा म्हणाली. "बीमार होती, तरी ऊपर चढ़के आली होती. मी रोज पानी घालते आहे मावशी. मुरझा गई तो बुरा लगेगा ना."

तू मोज्यांतलं बी उगवतं की नाही ते बघत होतीस. बरोबर आहे. कुसळं सापडली म्हणून झालं नाही, ती रुजतात हेही दाखवायला हवं. तुझ्यासारखी काटेकोर बाई आणखी काय करणार? नीलूच्या चारही कुल्हडांत उगवलं होतं. तुझ्या दोहोंपैकी एकात.

मी ते ताबडतोब उपटायला हवं होतं. ग्वाल्हेरच्या गच्चीवर, बी धरायच्या आत, मुळासकट. ऋचा पाण्याचा मग घेऊन शेजारी उभी होती. तुझ्या हातानं लावलेलं शेवटचं काही होतं ते, आणि तेही हे! मी तिला म्हटलं, आज राहू दे. दुसऱ्या दिवशी येऊन उपटलं. तुझ्या स्वयंपाकघरात गॅसवर चिमट्यात धरून एक एक जाळलं. ओलं होतं, पटकन पेटत नव्हतं, नुसता धूर झाला. ऋचा रडत होती आणि म्हणत होती, "मावशी, घास ही तो है." मी तिला तुझं ते शेजारच्या घराचं उदाहरण सांगायला गेले. मला नाही जमलं.

फॉर्म मी भरला. धोका मोठा, तुझ्याच शब्दांत. खात्रीच्या रकान्यातही "मोठी" लिहिलं. आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: "पाहणी करणाऱ्यांच्या मोज्यांतून. क्रम नीलिमानं ठरवला होता." दोन्ही पाकिटांच्या नोंदी जोडल्या, कुल्हडांच्याही. खाली तुझं नाव आधी, माझं नंतर. पाठवून दिला. पोच आली. पुढे काही आलेलं नाही. येईल असं मला वाटतही नाही. कोणी हसलंसुद्धा नाही, कुंदे. ज्या हसण्याला मी वर्षभर घाबरले होते, ते हसायलाही कोणाला वेळ नव्हता.

मग मी ओरणात गेले. एकटी. गाडीत चौकट नव्हती त्यामुळे हातांना काय करावं कळत नव्हतं. मोजे घातले नव्हते, चपला घालून गेले आणि कुंपणाबाहेर एकदा नव्हे तीनदा पाय झटकले. धापूबाईनं मला ओळखलं, माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "दूजी बाई?" मी मान हलवली. तिनं ओढणीचा पदर तोंडाला लावला. बराच वेळ आम्ही दोघी ओट्याशी बसलो. ती अजून वाळली आहे. मनगटातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकतं. पाचही बुंधे तसेच काळे आहेत, पालवी नाही. येणारही नाही, आतून मेलेत ते. मला ते बघताच कळलं. तिला हे कोणी सांगितलेलं नाही.

यंदा मावठ लवकर झाली. सगळ्या ओरणात वाळूवर हिरवं पसरलं आहे, जळालेल्या जागेवर सगळ्यांत दाट. दिसायला सुंदर दिसतं. तिथे गेल्यावर मीसुद्धा आधी क्षणभर, किती छान, असंच म्हटलं. मग मी गुडघे टेकून उपटायला लागले. धापूबाईही उपटायला लागली, का ते न विचारता. तासाभरात आम्ही दोघींनी मिळून एक पदर भरेल एवढं उपटलं. मागे वळून बघितलं तर कुठून उपटलं तेही ओळखू येईना. मी वाळू बोटांनी उकरली. खाली बी होतं, यंदा न उगवलेलं, पुढच्यासाठी राहिलेलं.

तेव्हा मी तिला सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, म्हणजे ग्वाल्हेरची आपली हिंदी काही मोडकी नाही, पण त्या वेळी मोडली. म्हटलं, धापूबाई, कोणी जूती घालून आत नाही आलं. आम्ही आणलं हे गवत. मी आणलं. रस्त्यावरचं बी माझ्या मोज्यांत अडकून आलं, आणि इथे बसून मी ते उपटून उपटून टाकत होते. चार वर्षं. गवत होतं म्हणून आग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेली. तुमचा काही दोष नाही. तुम्ही जेवायला लागा.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडावी असं फार वाटत होतं. किंवा मला हाकलेल. दोन्हींची तयारी करून गेले होते मी, गाडीत सगळी उत्तरं जुळवली होती.

ती म्हणाली, "मौजा में?"

"हाँ."

मग ती कुंपणाकडे बघायला लागली, जिथे माझ्या चपला होत्या. आणि अगदी हळू म्हणाली, "जूती तो म्हैं ही खुलवाती, बाई."

मी नाही म्हटलं. नाही नाही, असं किती वेळा म्हटलं मला आठवत नाही. जूती घालून आलो असतो तरी कुसळं आलीच असती, मोज्यांत नाही तर लेसमध्ये, साडीच्या काठात. मी तिचे हात धरले. पण तिच्या मनात ते शिरलं होतं. आपण बूट काढायला लावले, म्हणून या बायका मोज्यांवर बसल्या. देवाचा नियम आपण पाळायला लावला, आणि त्यातून हे झालं. आजपर्यंत ती दुसऱ्याच्या चुकीचं प्रायश्चित्त घेत होती. मी जाऊन तिला तिची स्वतःची चूक दिली. तू असतीस तर असं झालं नसतं. तुला सांगता आलं असतं. काय सांगितलं असतंस? मी परत येताना गाडीभर तेच शोधत होते, तुझ्या आवाजात काहीतरी ऐकू यावं म्हणून. काही नाही आलं.

संध्याकाळी तिच्या घरी मला बाजरीची भाकरी आणि कढी वाढली. स्वतः बसली नाही. मी म्हटलं, जेवा ना. तिनं नुसती मान हलवली, आणि माझ्या ताटात आणखी थोडं तूप घातलं.

निघताना मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. पदराच्या टोकात आम्ही उपटलेलं गवत अजून बांधलेलं होतं, ते तिनं सोडून माझ्यापुढे धरलं.

"तो अब कांई करां, बाई?"

मी त्या गवताकडे बघितलं. उपटून संपणार नाही. जाळता येणार नाही. मेंढ्या सोडल्या तर त्यांच्या लोकरीतून आणखी पसरेल. औषध मारलं तर आधी खेजडीची रोपं मरतील. आपण सहा हिवाळे ते मोजलं, कुंदे, त्याचा धोका किती हे ठरवायला. त्याचं काय करायचं हा रकाना आपल्या फॉर्मात नव्हताच.

बस आली होती. ती म्हणाली, "सोचके बताना. थे तो पढ़ी-लिखी हो. थे बताओगी, जद म्हैं रोटी खाऊंगी."

मी सांगेन तेव्हाच ती जेवणार. मी हो म्हणाले. तिला हो म्हणून आलेय मी, कुंदे.